द्राक्षावरची डावणी दरवर्षी फिरून येते? डाग दिसला की आधी मागचे दिवस मोजा

ऑक्टोबर छाटणी उरकते, पेस्टिंग (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावणं) होतं, डोळे फुटतात, पंधरा-वीस दिवसांत ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) हिरवी फूट दिसू लागते, घड बाहेर पडतात. मग ढग येतात, दोन रात्री पाऊस पडतो. पुढच्या आठवड्यात पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग दिसतो. पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी. त्यानंतरचं संभाषण निफाड असो, तासगाव असो की नारायणगाव, सगळीकडे सारखंच: "डावणी आली, आता काय मारू?" दुकानदार एक नाव सांगतो, शेजारी दुसरं सांगतो, टाकीत तिसरंच जातं. महिनाभराने निम्मे घड कुजलेले असतात आणि पुढच्या वर्षी हेच पुन्हा.

माझं ठाम मत आहे की ज्या बागेत डावणी, म्हणजे डाउनी मिल्ड्यू हा रोग, दरवर्षी येते, त्या बागेत औषधाचा प्रश्न नंतरचा असतो. आधीचा प्रश्न असा: हा डाग कोणत्या रात्री लागला आणि त्या रात्री पानावर काय होतं? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवं औषध आणणं म्हणजे अंधारात दगड मारणं. हे उत्तर शोधायची पद्धत खाली देतो.

आधी ती डावणीच आहे का?

घाईत चुकीच्या रोगावर फवारणी होते आणि मग "औषधच लागू पडत नाही" असं वाटतं, म्हणून पाच मिनिटं इथे घालवा.

डावणीचा डाग पानाच्या वरच्या बाजूने फिकट पिवळा, तेलकट, गोलसर आणि कडा विरलेला असतो. शरदसारख्या काळ्या वाणांत त्याला तांबूस छटा येते. जुन्या, निबर पानांवर तो गोल राहत नाही. शिरांच्या मधे अडकून बारीक चौकोनी ठिपके पडतात आणि पान चटई विणल्यासारखं दिसतं. पांढरी वाढ नेहमी खालच्या बाजूने, बरोबर डागाखाली असते. भुरी याच्या उलट: राखेसारखी पूड, बहुधा वरच्या बाजूने, आणि बोट फिरवलं की पुसली जाते. करप्याचे डाग बारीक, तपकिरी, आणि वाळले की पानाला भोकं पडतात. पानाची वरची बाजू फुगलेली आणि खाली पांढरी लव असेल तर ते लव आणणाऱ्या कोळीचं काम असू शकतं. ती लव पानाच्या कातडीलाच चिकटलेली असते, झटकून जात नाही. पानांच्या कडा एकसारख्या करपल्या असतील तर टाकीत काय काय मिसळलं होतं ते आधी आठवा.

तरीही शंका राहिली तर सोपी चाचणी आहे. संशयित पाच-सहा पानं तोडा, ओलसर कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि रात्रभर घरात अंधाऱ्या जागी ठेवा. सकाळी खालच्या बाजूने पांढरी शुभ्र वाढ दिसली तर डावणी पक्की आणि ती जिवंत आहे. फवारणीनंतर दोन-तीन दिवसांनी हीच चाचणी पुन्हा केली तर औषधाने काम केलं की नाही तेही कळतं. डाग वाळून तपकिरी झाला आणि पिशवीत ठेवूनही वाढ आली नाही, तर तो डाग मेला. एवढी साधी तपासणी फार थोडे लोक करतात याचं मला वाईट वाटतं, कारण तिला एक रुपयाही लागत नाही आणि ती हजारो रुपयांची फवारणी वाचवू शकते.

डाग आजचा, लागण मागची

डावणीचा जीव, प्लास्मोपारा विटिकोला, हा खऱ्या अर्थाने बुरशी नाही. तो पाण्यातल्या शेवाळांच्या जवळच्या कुळातला. त्यामुळे त्याचं सगळं पाण्याभोवती फिरतं. पानाखालची पांढरी वाढ रात्री, अंधारातच तयार होते. त्यासाठी किमान चार तास अंधार, हवेत जवळजवळ पूर्ण दमटपणा आणि साधारण तेरा अंशांच्या वर तापमान लागतं. पहाटे ही बीजं वाऱ्याने, थेंबांच्या उडण्याने शेजारच्या पानांवर जातात. पान ओलं असेल तर प्रत्येक बीज फुटून त्यातून शेपटीवाले बारीक जीव बाहेर पडतात, पाण्याच्या त्या पातळ थरात अक्षरशः पोहतात आणि पानाखालच्या रंध्रांतून आत शिरतात. हवा उबदार असेल तर पान दोन-तीन तास ओलं राहिलं तरी पुरतं.

आत शिरल्यावर चार ते सात दिवस बाहेर काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या उबेत हा काळ चार-पाच दिवसांवर येतो. डिसेंबरच्या थंडीत तो दहा दिवसांच्याही पुढे जातो. म्हणजे आज जो डाग दिसला, तो आज आलेला नाही.

म्हणून डाग दिसला की पंप काढण्याआधी वही काढा आणि मागे मोजा. उदाहरण घेऊ. छाटणी १ ऑक्टोबरची. ३० ऑक्टोबरला सकाळी डाग दिसले. सहा दिवस मागे गेलो तर २४ तारीख. २३च्या संध्याकाळी पाऊस झाला आणि २४ला सकाळी नऊ-दहापर्यंत पानं ओली होती. आता फवारणीची नोंद बघा: शेवटची फवारणी १८ तारखेची, मॅन्कोझेब या पानावर बाहेरून थर धरणाऱ्या औषधाची. मधल्या पाच दिवसांत वेलीने काय केलं? या काळात फुटीला दर दोन-तीन दिवसांनी एक नवं पान येतं. १८ला जी पानं होती त्यांच्यावर थर होता, पण १८ नंतर उमललेल्या दोन-तीन पानांवर आणि वाढलेल्या घडावर काहीच नव्हतं. डाग बहुतेक त्याच पानांवर असतील. जाऊन बघा. तसं असेल तर औषध वाईट नव्हतं, ते तिथे नव्हतंच.

डाग त्याच्याखालच्या, म्हणजे १८ला औषध मिळालेल्या पानांवर असतील तर कारण वेगळं. पाऊस जोरदार होऊन थर धुतला गेला असेल, फवारा पानाखाली पोचला नसेल किंवा औषधाला रोग सरावला असेल. आणि डाग सगळ्यात खालच्या, ओलांड्याजवळच्या पहिल्या-दुसऱ्या पानांवर आधी दिसले असतील तर लागण बागेतच, जवळच कुठेतरी दबा धरून होती.

डाग कोणत्या पानावर आहे, यावरून कारण सांगता येतं. औषधाच्या बाटलीवरून ते सांगता येत नाही. एका रांगेत वीस वेली घ्या, प्रत्येकीवर डाग खालून कितव्या पानावर आहे ते लिहा. अर्ध्या तासात चित्र उभं राहतं.

या नोंदीला पर्जन्यमापक हवाच, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सकाळी पानं किती वाजता वाळली याची नोंद. आपल्याकडे नोव्हेंबरमध्ये पाऊस नसतानाही दव इतकं पडतं की कादवा-गोदावरीकाठच्या सखल बागांत नऊ वाजले तरी पानं ओली असतात. बागेचा सर्वात सखल कोपरा निवडा. उसाला किंवा गर्द कुंपणाला लागून असेल तर तोच निवडा. रोज सकाळी तिथलं पान हाताने चाचपा. पहिला डाग तिथेच सापडतो, दरवर्षी.

खालची पानं आधी लागली असतील तर

युरोपात हिवाळ्यात वेल पूर्ण झोपते, पानं झडतात आणि रोग गळालेल्या पानांतल्या जाड कवचाच्या बीजांतून वसंतात परत येतो. आपल्याकडे वेल कधी पूर्ण झोपतच नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आलेली पानं जून ते सप्टेंबर सगळा पावसाळा अंगावर घेतात. त्या काळात माल नसतो, म्हणून लक्षही नसतं. डावणी त्या पानांवर निवांत राहते आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या वेळी आपण तिला थेट नव्या फुटीच्या तोंडी देतो.

छाटणीआधी इथेफॉनने पानगळ करतात ती डोळे चांगले फुटावेत म्हणून. पण तिचा दुसरा फायदाही तेवढाच मोठा आहे: रोगट पानं वेलीवरून उतरतात. अट एकच, उतरलेली पानं बोदावर (वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावर) पडून राहता कामा नयेत. गोळा करा, बागेबाहेर नेऊन खड्ड्यात पुरा. छाटलेल्या काड्यांची तीच गत. मजुरी लागते हे खरं, पण या मजुरीइतका परतावा देणारा खर्च हंगामात दुसरा नाही असं मी ठामपणे सांगेन. सप्टेंबरमध्ये शेंड्याची कोवळी, उशिरा फुटलेली पानं खुडून टाकली तरी रोगाचं घर बरंच मोडतं.

त्यानंतर वेल, ओलांडे, खोड आणि बोद यांच्यावर बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचं प्रमाण सगळ्यांना माहीत आहे: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. पण करताना ज्या चुका होतात त्यांनी अर्धं बळ जातं. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा, लोखंडी भांडं नको. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता, उलटं नाही. स्वच्छ लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते फुटतं आणि पानाला धरत नाही. कोवळ्या फुटीवर, थंड-दमट हवेत बोर्डो पान जाळतं, म्हणून त्याची जागा छाटणीच्या आगेमागे आणि काढणीनंतर.

या मिश्रणाची गोष्ट द्राक्षकाराने माहीत करून घ्यावी अशी आहे. फायलोक्सेरा या मुळावरच्या किडीने फ्रान्सच्या बागा ओस पडू लागल्या, तेव्हा त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलींच्या काड्या मागवल्या गेल्या. किडीवरचा इलाज म्हणून आलेल्या त्या काड्यांबरोबर डावणी आली. फ्रान्समध्ये तिची पहिली नोंद १८७८ची. बोर्दोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड चोरू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींची पानं शाबूत आहेत हे अलेक्सी मिलार्दे या प्राध्यापकाच्या नजरेस पडलं आणि १८८५मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. आपण जिच्यावर कलम भरतो ती डॉगरिज खुंटही टेक्सासच्या रानद्राक्षाचीच. दुष्काळ आणि क्षार ती सोसते, पण तिच्यावर भरलेला थॉम्पसन वाण डावणीला तितकाच नाजूक राहतो. खुंट चांगली म्हणून वरचं पान वाचत नाही.

बोर्डोतल्या मोरचुदाचं बळ तांब्यात आहे, आणि तांबं पानाच्या आत शिरत नाही. ते बाहेर पहारा देतं. लागण झाल्यावर तांबं मारणं म्हणजे फुकट. आणि ते जमिनीत साठत जातं, कुठे नाहीसं होत नाही, म्हणून युरोपीय संघाने त्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. आपणही हिशेब ठेवावा.

औषध मिळालेल्या पानांवरही डाग असतील तर

इथे दोन शक्यता आहेत आणि दोन्ही तपासायच्या.

पहिली, फवारा. द्राक्षाच्या पानाला रंध्रं खालच्या बाजूने असतात, रोग तिथूनच शिरतो. ब्लोअरचा फवारा मांडवावर वरून धुक्यासारखा दिसतो, पण दाट फुटीत पानाखाली किती जातो? पाणी लागलं की निळा होणारा पिवळा कागद मिळतो. त्याचे तुकडे पानाच्या खालच्या बाजूला, घडाजवळ, आतल्या फुटींवर टाचा आणि नुसतं पाणी फवारून बघा. जिथे कागद पिवळाच राहिला तिथे तुमचं महागडं औषधही पोचत नाही. नोझल झिजलेली असतात, ट्रॅक्टरचा वेग जास्त असतो, पाणी फूट लहान होती तेव्हाचंच वापरलेलं असतं. आणि सगळ्यात जास्त वेळा फुटी प्रमाणाबाहेर ठेवलेल्या असतात. वांझ फुटी, बगलफुटी वेळेवर काढल्या, घडासमोर हवा खेळती ठेवली तर फवाराही पोचतो आणि पानंही लवकर वाळतात. नत्राचा हात सैल असेल तर फूट लुसलुशीत, पानं मोठी, मांडव काळोखा. अशा बागेत फवारणी वाढवून उपयोग नाही. देठ परीक्षण (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांची तपासणी) करा आणि नत्र आवरा.

दुसरी शक्यता, रोग औषधाला सरावला. इथे बाटल्यांच्या नावांनी आपली दिशाभूल होते. डायमेथोमॉर्फ आणि मॅन्डीप्रोपॅमिड ही दोन नावं, दोन डबे, दोन किमती, पण गट एकच. इप्रोव्हॅलिकार्बही त्याच गटात. अझोक्सिस्ट्रोबिन आणि क्रेसॉक्सिम मिथाईल एका, स्ट्रोबिल्युरिन गटात, आणि फॅमोक्साडोन, फेनामिडोन नावाने वेगळे असले तरी रोगाच्या शरीरात त्याच जागी घाव घालतात. एकाला रोग सरावला की दुसराही निकामी. सायझोफॅमिड आणि अमिसुलब्रोम यांचंही एकमेकांशी असंच नातं आहे. पुण्याजवळच्या मांजरीतल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या डावणीत स्ट्रोबिल्युरिन आणि डायमेथोमॉर्फ या दोन्ही गटांना दाद न देणारे प्रकार नोंदवले आहेत. म्हणून शेजाऱ्याच्या बागेत चाललेलं औषध तुमच्या बागेत चालेलच असं नाही, आणि तुमच्याच बागेत तीन वर्षांपूर्वी चाललेलं आज चालेल असंही नाही.

मागच्या दोन हंगामांच्या फवारण्यांची यादी काढा. व्यापारी नाव खोडून प्रत्येकासमोर आतला घटक लिहा आणि घटकासमोर गट. बऱ्याच बागांत "सहा वेगवेगळी औषधं" म्हणून केलेल्या फवारण्या दोनच गटांत कोसळतात. माझा नियम असा: एका गटाच्या हंगामात दोनच फवारण्या, त्याही लागोपाठ नाहीत, आणि नेहमी स्पर्शजन्य (पानाबाहेर थर धरणाऱ्या) औषधाच्या जोडीने. ही आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणारी) औषधं पांढरी वाढ फुटल्यावर मारण्यासाठी नाहीत. लाखो बीजं तयार असताना ती मारली की त्यांतून तगणारी बीजं आपणच निवडून वाढवतो.

फॉसेटिल आणि पोटॅशियम फॉस्फोनेट यांचं काम थोडं निराळं. ती वेलीत वर-खाली दोन्हीकडे फिरतात आणि वेलीची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागवतात. पावसाचा अंदाज असताना आधी दिलेली उत्तम. फॉसेटिल आणि तांबं एका टाकीत घालू नका, फूट जळते.

पाऊस चालू, ट्रॅक्टर आत जात नाही

काळ्या जमिनीतली ही खरी अडचण, आणि पुष्कळ बागा इथेच हातच्या जातात. नोव्हेंबर २००९मध्ये फयान वादळाच्या पावसाने आणि २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परतीच्या पावसाने हेच दाखवलं. औषध घरात होतं, बागेत चिखल होता.

सायमोक्झॅनिलसारखं औषध लागणीनंतर साधारण दोन दिवसांपर्यंत आतल्या रोगाला मारू शकतं. त्यापुढे नाही. म्हणजे मंगळवारी रात्री लागण झाली तर गुरुवारपर्यंत बागेत शिरता आलं पाहिजे. हे छाटणीआधीच ठरवावं लागतं. दोन ओळींमधल्या पट्ट्यात गवत कापून ठेवलं, नांगरलं नाही, तर पावसानंतर ट्रॅक्टर लवकर चालतो. पाणी निघायला चर असावेत. एसटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप), लांब नळी आणि फवारणीच्या गनची तयारी असावी, म्हणजे ट्रॅक्टर नसला तरी माणसं जातील. काहीच शक्य नसेल तेव्हा मॅन्कोझेबची भुकटी ओल्या पानांवर धुरळण्याचा पर्याय आहे, पण निर्यातीच्या बागेत तो नको. युरोपीय संघाने डिसेंबर २०२०मध्ये मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला. तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या मालावर त्याच्या अंशाबाबत काटेकोर राहावं लागतं.

आणि हवामानाचा अंदाज पावसाचा असेल तर संरक्षक फवारणी पावसाआधी, थर वाळायला तीन-चार तास मिळतील अशी. पाऊस थांबल्यावर "आता फवारू" ही सवय सोडणं हाच डावणीवरचा अर्धा इलाज आहे.

फुलोऱ्यातली कूज

छाटणीनंतर तिसरं पान सुटल्यापासून मणी सेट होईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले पन्नास दिवस, सगळ्यात धोक्याचे. पानावरची डावणी सोसता येते. घडात गेली तर त्या घडाचं पीक गेलं. दोडा अवस्थेत (फुलं उमलण्याआधी) लागण झाली की घडाचा देठ आकड्यासारखा वाकतो, तपकिरी होतो आणि ओल्या सकाळी त्यावर पांढरं दिसतं. फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला की गळ आणि कूज एकदम सुरू होतात. तेव्हा घड हलके झटकून साचलेलं पाणी आणि अडकलेल्या फुलटोप्या पाडणं, ठिबक बंद ठेवणं, घडासमोरचं एखादं पान काढणं ही हातांची कामं औषधाइतकीच मोलाची आहेत.

मणी सेट होऊन तीन-चार आठवडे झाले की मण्यावरची रंध्रं बुजतात आणि नवी लागण मण्यात होत नाही. त्यानंतर मणी तपकिरी होऊन सुरकुतत असतील, वर पांढरं काही नसेल, तर ती जुनीच लागण आतून पुढे आलेली असते. तिच्यावर फवारून काही होत नाही. मणी काढा. घडाचा देठ मात्र आणखी काही दिवस नाजूक राहतो, त्यामुळे नजर ठेवा. मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ होऊ लागल्यावर) डावणीच्या नावाने फवारणी चालू ठेवण्याचं कारण बहुधा भीती असतं, रोग नसतो.

फवारणारा, डिपिंग करणाऱ्या बाया आणि खाणारं घर

हा भाग अनेक जण शेवटी वाचतात किंवा वाचतच नाहीत, पण माझ्या लेखी तो पहिला आहे. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. द्राक्षबागेत फवाऱ्यांची संख्या कपाशीपेक्षा कितीतरी जास्त. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच फवारणी. आणि ज्यांचा विचार सगळ्यात कमी होतो त्या म्हणजे सकाळी विरळणीला, डिपिंगला (घड द्रावणात बुडवायला) येणाऱ्या बाया. आदल्या संध्याकाळी फवारलेल्या पानांत त्या दिवसभर हात घालतात. फवारा वाळल्याशिवाय आणि लेबलवर दिलेला वेळ गेल्याशिवाय त्यांना ओळीत पाठवू नका. त्यांनाही हातमोजे द्या. त्यांना कोणतं औषध मारलं हे सांगा, तो त्यांचा हक्क आहे.

पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात ठेवायचे दिवस, हा कागदावरचा आकडा नाही. आंतरप्रवाही औषध मण्याच्या आत असतं, धुऊन निघत नाही. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, तेव्हा किती घरांचा हंगाम बुडाला हे नाशिक-सांगलीत अजून आठवतं. ते वाढनियंत्रक होतं, बुरशीनाशक नव्हतं, पण धडा तोच. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे किलोमागे ०.०१ मिलीग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. मांजरीच्या केंद्राची लेबलक्लेम (द्राक्षावर वापरायला मान्यता असलेल्या) औषधांची यादी, बागायतदार जिला अ‍ॅनेक्श्चर पाच म्हणतात, ती हंगामागणिक बदलते. चालू वर्षाचीच बघा. आणि स्थानिक बाजारातला ग्राहक, नाशिकच्या हातगाडीवरून पोरासाठी पाव किलो घेणारी आई, तिच्यासाठीही हेच नियम पाळायचे. तिच्या द्राक्षाचा नमुना प्रयोगशाळेत जात नाही, म्हणून जबाबदारी आपल्यावर जास्त.

द्राक्षं आरोग्याला चांगली म्हणून ज्या रेस्व्हेराट्रॉलचं नाव घेतलं जातं, ते १९७६मध्ये लँगकेक आणि प्राइस यांनी रोग लागलेल्या द्राक्षपानांत शोधून काढलं. वेल ते बुरशी-डावणीसारख्या हल्ल्यांशी लढायलाच बनवते. माणसांवरच्या चाचण्यांत त्याचे फायदे प्रयोगशाळेइतके ठळक दिसलेले नाहीत, त्यामुळे त्या नावावर द्राक्षं विकू नयेत. पण वेलीजवळ स्वतःची लढाई आहे हे त्यातून कळतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून काढलेला एआरआय-५१६ हा वाण बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी तोंड देतो. तो रसासाठी आहे, थॉम्पसनची जागा घेणारा नाही. पण ज्यांच्या बागा पावसाच्या पट्ट्यात आहेत त्यांनी एखादा तुकडा लावून बघायला हरकत नाही.

प्लास्टिक आच्छादनाचं विचाराल तर ते डावणीवर खात्रीने चालतं, कारण पान ओलंच होत नाही. पण खर्च एकरी लाखांत जातो, आणि आत भुरी, फुलकिडे आणि कोळी वाढतात, हे हिशेबात धरूनच उतरा. बागलाणात जून-जुलैत छाटणी करणाऱ्या आगाप बागांना तो खर्च परवडण्याची शक्यता जास्त, कारण त्यांची सगळी कोवळी फूट भर पावसात येते. ऑक्टोबरात छाटणाऱ्याने आधी वर सांगितलेली कामं एक हंगाम नेटाने करावीत.

यंदा सल्ला विचारायला कुणाकडेही जाल, तज्ज्ञाकडे, कृषी विज्ञान केंद्रात किंवा दुकानात, तर नुसता पानाचा फोटो नेऊ नका. वाण आणि खुंट, छाटणीची तारीख, पहिला डाग दिसल्याची तारीख आणि तो खालून कितव्या पानावर होता, त्याआधीच्या दहा दिवसांचा पाऊस आणि पानं वाळण्याच्या वेळा, दोन हंगामांच्या फवारण्या घटकाच्या नावानिशी, आणि रात्रभर पिशवीत ठेवलेली पाच पानं, एवढं घेऊन जा.